तळटिपेतला सोनम

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे हरिबा कोकरे आधीच सांगून टाकायचा, म्हणजे समोरच्याला ते काम उरत नसे. पण नेपाळ हा अख्खा देश त्यानं एकतीस वर्षं रोज सकाळी साडेनऊला ओल्या फडक्यानं पुसला होता. दौंड स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर हे ऐकणारे रिटायर गार्ड आणि फिटर एकमेकांकडे बघत, आणि कुणीतरी म्हणे, "आन् एव्हरेस्ट, आबा?" "त्याचंच सांगतोय. ब्याऐंशी साली माझ्या हातनं त्याचा शेंडा मोडला. कुणाला कळायच्या आत तंबाखूच्या डबीतला चुना लावून बसवला. पुढं मोठमोठी माणसं आली, वाकून बघून गेली, म्हणाली, बर्फ अगदी हुबेहूब जमलाय." टपरी हसायची. यातली खरी गंमत हरिबा एकटाच चाखायचा, कारण हे सगळं अक्षरशः खरं होतं. पुण्यातल्या एका विद्यापीठात, नाव कशाला घ्या, वडाच्या मागं दोन खोल्यांचं नेपाळ अभ्यास केंद्र होतं. त्यात टेबलभर लांब, कागदाच्या लगद्याचा उठावाचा नकाशा होता, आणि हरिबा तिथं शिपाई होता. खरं सांगितलं की लोक थाप समजतात, याचं त्याला वाईट वाटत नसे. मारलेल्या एका थापेची आठवण झाली, की मात्र तो विषय बदलून रेल्वेवर यायचा.

आज रेल्वे कामाला आली नाही. सकाळी अकराच्या सुमाराला पुण्याच्या डेमू गाडीतून उतरून एक पोरगी पत्ता विचारत रेल्वे कॉलनीत आली. हरिबाचा मुलगा संपत याच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली, पाणी प्याली, सॅकमधून निळ्या कापडी बांधणीचं पुस्तक काढलं, खुणेचा कागद घातलेलं पान उघडलं आणि पानाच्या तळाशी बोट ठेवून म्हणाली, "ह. को. म्हणजे तुम्हीच ना, आबा?" एवढंच. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं हरिबाचं झालं. ती दोन अक्षरं अठ्ठावीस वर्षं त्याची एकट्याची होती. नोकरीत असताना कपाटांची धूळ झटकायच्या दिवशी तो हे एक पुस्तक मुद्दाम खाली घ्यायचा, एकशे बारावं पान काढायचा, त्या दोन अक्षरांवरून फडकं जरा हळू फिरवायचा आणि पुस्तक पुन्हा जागेवर ठेवायचा. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ती आज पहिल्यांदा ऐकली, तर कोर्टात पुकारा व्हावा तशी वाटली.

"मीच की. हरिबा कोकरे, शिपाई," तो म्हणाला. "बोला म्याडम."

"मॅडम नका म्हणू, आबा. मी अपेक्षा फराटे. मांडवगणची आहे, तुमच्याच शिरूर तालुक्यातली."

"विद्यापीठातनं आलं की साहेब, न्हाईतर म्याडम. जीभ तशी वळून गेलीय, आता सरळ होत न्हाई."

"सरळ कवा व्हती," आतल्या उंबऱ्याशी सूप घेऊन बसलेली सारजाबाई म्हणाली. तिच्या सुपात तूर होती आणि लक्ष बाहेर होतं. "बस गं बाई तू. ह्यांचं नेपाळ ऐकून ऐकून मला उन्हाळ्यात थंडी वाजती."

पोरगी मनापासून हसली. फोन रेकॉर्डिंगला लावू का म्हणून विचारलं, स्टुलावर ठेवला, वही उघडली. ती पीएच.डी. करत होती. पश्चिम नेपाळात मेंढपाळांच्या गावांतून चार महिने राहून आली होती. शितोळे सरांचं हे पुस्तक नसतं तर आपण या विषयाकडे वळलोच नसतो, असं म्हणाली. मग तिनं एकशे बाराव्या पानावरचा परिच्छेद वाचून दाखवला, सावकाश, जसा शाळेत धडा वाचतात: मुक्काम हलवताना घरातली कर्ती स्त्री चुलीच्या तीन दगडांपैकी एक दगड बरोबर घेते; पुढच्या मुक्कामी दोन दगड नवे, एक जुना; अशा रीतीने अग्नीचे सातत्य राखले जाते. "हा परिच्छेद सगळे घेतात, आबा. परदेशातल्या दोन पुस्तकांत आलाय. मी अकरा गावांत विचारलं. बायका हसायला लागल्या. एक आजी म्हणाल्या, दगड पाठीवर घ्यायला कुणाला वेड लागलंय?"

वेड हा शब्द हरिबाला लागला. परक्या मुलखातल्या, कधी न पाहिलेल्या म्हातारीनं त्याच्या घरातल्या माणसाला नाव ठेवावं तसा लागला. पण पोरगी पुढचं सांगत होती आणि पुढचं जास्त अवघड होतं. तळटिपेत माहिती देणारा म्हणून सोनम नावाचा माणूस होता: मेंढपाळ, पश्चिम नेपाळ, सणसवाडी मुक्कामी, ह. को. यांच्यामार्फत. "हा सोनम खरंच होता, एवढं तुम्ही सांगितलं, तर मी लिहीन की एखाद्या आडबाजूच्या खोऱ्यातली चाल असेल, मला सापडली नाही. पण तो नसेलच, तर मला तसं लिहावं लागेल. मग लोक म्हणतील, सरांनी मनानं रचलं. आधीच म्हणतात, सर काठमांडूच्या वर कधी चढलेच नाहीत. एक पान खोटं निघालं की बाकीच्या तीनशे पानांकडे कोण बघणार? सर नाहीत आता. तुम्हीच आहात."

सर चढले नव्हते, हे खरंच होतं. शितोळे सरांना दमा होता. पाटसजवळच्या गावातला मराठ्याचा पोरगा, सहा फूट उंच, आवाज असा की वडावरच्या साळुंक्या उडाव्यात, पण केंद्राच्या सात पायऱ्या चढले की दारात थांबून नकाशाकडे बघत श्वास गोळा करायचे, आणि बघणाऱ्याला वाटायचं, माणूस विचार करतोय. दोनदा नेपाळला गेले आणि दोन्ही वेळा काठमांडूतून परत आले. उरलेला देश त्यांनी पुस्तकांतून, पत्रांतून आणि माणसांना प्रश्न विचारून जमवला. तिकडची वर्तमानपत्रं तीन आठवड्यांनी यायची, सुतळीनं बांधलेला गठ्ठा, त्याला शाईचा निराळाच वास. हरिबा ती तारखेवार लावायचा, लावता लावता वाचायचा, लिपी आपलीच असल्यामुळं निम्मं कळायचं आणि निम्मं तो मनानं घालायचा. भिंतीवर तिथल्या राजाचा फोटो होता. राजेपद गेलं त्या आठवड्यात सरांनी फोटो उतरवायला सांगितला, तर मागं पिवळट भिंतीत एक स्वच्छ चौकोन निघाला आणि हरिबा निवृत्त होईपर्यंत तो चौकोनच तिथं राज्य करत होता. वर्षाला दोन विद्यार्थी यायचे, एखाद्या वर्षी एकच. थंडीत अकराचं ऊन पायऱ्यांवर आलं की सर आणि तो तिथंच बसून भाकरी खायचे. सरांच्या डब्यात शेंगांची चटणी असली तर याच्या डब्यातला लसणाचा ठेचा तिकडं जायचा. त्या उन्हाला जो वास होता, जुन्या कागदांचा, रॉकेलच्या स्टोव्हचा आणि वडाच्या सुकलेल्या फळांचा, तो पुढं दौंडला रिटायर होऊन आल्यावर हरिबानं पुष्कळ शोधला. इथं उन्हाला लोखंडाचा वास येतो.

चौथं प्रकरण अडलं होतं. डोंगरावरच्या मेंढक्यांचं प्रकरण. सर वहीची कोरी पानं फुंकर मारून उलटायचे. पंच्याण्णव सालची गोष्ट, सणसवाडीत तेव्हा कारखान्यांच्या भिंती उठायला लागल्या होत्या, लोकांनी वावरात पत्र्याच्या खोल्या काढून भाड्यानं दिल्या होत्या, आणि रस्त्याकडेच्या एका ढाब्यावर नेपाळी पोरं कामाला आहेत, हे एस.टी.च्या खिडकीतून हरिबानंच पाहून सरांना सांगितलं होतं. सर म्हणाले, रविवारी गावाला जाताना उतर, बघ कुणी मेंढ्यांकडचा आहे का. हरिबा उतरला. दोन पोरं होती, गुणी होती, पण सखल मुलखातली, घरी भातशेती. मेंढी त्यांनी पाहिली होती ती ढाब्याच्या पातेल्यात. हरिबा तासभर बसला, त्यांच्याबरोबर कांदे चिरून दिले आणि पुढच्या एस.टी.नं गावाला गेला. सोमवारी केंद्रात पोचला, तर सर त्याच्याही आधी येऊन व्हरांड्यात त्याच्याच स्टुलावर बसलेले, पेनात शाई भरलेली, वही मांडीवर. "भेटलं कुणी?" ज्या डोळ्यांनी विचारलं ते डोळे बघून हरिबाच्या तोंडून "व्हय" गेलं. नाव काय, म्हणाले. वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यातलं एक नाव जिभेवर आलं. मग सरांनी विचारलं, "बिऱ्हाड हलवताना बायका काय करतात, ते विचारलंस का?"

आणि इथं थाप मारायचीच वेळ आली नाही, असं हरिबाला पुढं वाटत राहिलं. त्याची आई तानुबाई त्याच आषाढात गेली होती. चार दिवसांची रजा घेऊन तो परत आला होता, स्टोव्ह पेटवत होता, नकाशा पुसत होता, आणि तिच्याविषयी कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. काय बोलणार? धनगराची बाई, दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरं घेऊन घोड नदीच्या काठाकाठानं खाली भीमेकडं जायची, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, आठ दिवसांनी उठायची. तिनं कुठं काय केलं, म्हणजे सांगावं? पण सरांनी ते एक वाक्य विचारलं आणि त्याला पहाट दिसली. दव पडलेलं. आई चुलीतला इंगळ विझवतेय, तिन्ही धोंड्यांवर पाणी मारतेय, चर्र आवाज येतोय, मग त्यातला एक, एका अंगाला काजळी धरलेला, भाकरीच्या तव्याला बरोबर बसणारा, ती उचलते, पोत्यात गुंडाळते आणि घोडीवर कोंबड्यांच्या पाटीशेजारी बांधते, त्याच्यावर कालचं कोकरू बसवते. तो सांगत गेला. सरांचं पेन सरसर चालत होतं. तो आवाज हरिबाला ओळखीचा होता, पण आपण बोलतोय आणि तो होतोय, हे पहिल्यांदा घडत होतं. कुणीतरी त्याच्या आईविषयी लिहून घेत होतं.

तसं तर तरुणपणापासून त्याला लिहून घेणाऱ्यांचं मोठं कौतुक. विद्यापीठात चिकटायच्या आधी इनामगावला उकरणं चालू होतं, तिथं तो पाट्या वाहायला होता. तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांची चूल सापडली, तर साहेबांनी चौफेर सुतळी बांधली, गुडघ्यावर बसून रंगाच्या ब्रशानं तिची राख झाडली, फोटो काढला, कुणी जवळनं चालायचं नाही म्हणाले. त्याच संध्याकाळी घोडच्या पलीकडं, दोन हाकांवर, आईची चूल धुपत होती. तो जाऊन बसला आणि बराच वेळ त्या धोंड्यांकडं बघत राहिला. हिचंही कुणी असंच झाडील, तीन हजार वर्षं थांबावं लागंल एवढंच, असं त्याला वाटलं. मग ध्यानात आलं की ही तर एक धोंडा घेऊन उठते. ब्रशवाल्याला दोनच सापडतील, आणि तो वहीत लिहील, चूल अपुरी. हसू आलं होतं तेव्हा. वीस-बावीस वर्षांचा होता.

सरांना लगेच सांगायला काय झालं होतं, की सर, ही माझी आई? सरांनी डोळे मिटून ऐकलं असतं, चुकचुकले असते, पाठीवर हात ठेवला असता. वहीत लिहिलं नसतं. केंद्र नेपाळचं होतं. शिरूर तालुक्यातल्या मेंढक्यांचं केंद्र कुठल्या वडामागं होतं? आई वहीत जाणार असेल तर तिला सरहद्द ओलांडूनच जायला पाहिजे होतं, आणि बिऱ्हाड घोडीवर लादून कुठंही जायची तिला सवयच होती. हे असं स्वच्छ त्याला त्या सोमवारी सुचलं नव्हतं. हे पुढं, एकशे बाराव्या पानावर फडकं फिरवताना, थोडं थोडं सुचत गेलं.

सोनम मात्र तिथंच राहिला नाही. सर दर दोन-तीन महिन्यांनी विचारायचे, तुझा तो सोनम काय म्हणतो. हरिबानं त्याचं लग्न लावून दिलं. दोन मुली झाल्या. एकदा त्याचा हात कारखान्यातल्या मशीनमध्ये सापडवला, पण सरांचा चेहरा असा उतरला, की दुसऱ्याच आठवड्यात बरा करावा लागला. त्या हिवाळ्यात सरांनी एक निळा स्वेटर आणला आणि म्हणाले, पत्र्याच्या खोलीत राहतो ना तो, दे त्याला. स्वेटर घरी आला, ट्रंकेत गेला. सारजाबाईनं डांबरगोळ्या घालताना विचारलं, "कुणाचा हो ह्यो?" "एका माणसाचा." "कोन माणूस?" "तू वळखत न्हाईस." सारजाबाईनं स्वेटरची घडी घातली, बाह्या आत दुमडल्या. "तुम्ही तरी वळखता का?" म्हणाली. सहा वर्षांपूर्वी सर दवाखान्यात होते, नाकाला नळी. हरिबा दौंडहून भेटायला गेला तर शब्द मोजून खर्च करत होते, आणि त्या मोजक्या शब्दांत त्यांनी विचारलं, सोनमच्या पोरी शिकतात का रे. "थोरली नर्स झाली, सर." सरांनी डोळे मिटले आणि मान हलवली, आपल्याच घरात कुणी पास झाल्यासारखी. तेवढं सुख आपण त्या माणसाला फुकटात दिलं, असं परतीच्या गाडीत त्याला वाटलं, आणि केडगाव येईपर्यंत त्याचीच लाज वाटायला लागली.

आता पोरगी वाट बघत होती. फोनवरचे सेकंद पळत होते. खरं सांगितलं तर आई नेपाळातून घरी येईल, आणि सर खोट्यात जातील. सरांनी काय केलं होतं? विश्वास ठेवला होता, दुसरं काही नाही. दौंडमध्ये एवढी माणसं, एव्हरेस्टच्या चुन्यावर एकानं ठेवला नाही. हरिबानं खाकरून गळा साफ केला. आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या, पण अशी तयारीनं, अंग धुऊन देवळात जावं तशी, कधी मारली नव्हती.

"व्हता तर," तो म्हणाला. "सोनम व्हता म्हंजी काय. माझ्या खांद्याएवढा, हनुवटीला खळी, चालताना डावा पाय जरा वढायचा." हा पाय त्याच्या बापाचा होता, पण बापाला आता त्याचा उपयोग नव्हता. "ढाब्याच्या मागं खोली घेतलेली. मी गेलो तवा दाराम्होरं बसून लोकर पिंजत व्हता."

"सणसवाडीत लोकर?" सारजाबाई तूर निवडता निवडता म्हणाली.

"माणूस सवय सोडतोय का, कुठं बी जाऊ द्या."

अपेक्षा लिहीत होती. गाव कोणतं, तिनं विचारलं. नाव सांगितलं होतं, पण ध्यानात राहिलं नाही, एक नदी होती आणि दोरांचा पूल होता, हरिबा म्हणाला. हे त्यानं वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिलं होतं. पोरीच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होत गेला. पेन पुन्हा चालायला लागलं, आणि त्या आवाजानं हरिबाला जे व्हायचं तेच झालं. खुर्चीत मागं टेकला, डोळे मिटले. सोनमची आई आली, घोडी आली, पोतं आलं, कोंबड्यांची पाटी आली. सर आता सुटले, त्याला वाटलं. मजेत सुटले.

"एकच राहिलं, आबा," अपेक्षा म्हणाली. "दगड का नेतात? सरांनी लिहिलंय, अग्नीचं सातत्य. सोनमचा स्वतःचा शब्द काय होता?"

हे सरांनी विचारलं नव्हतं. धोंड्याचं ऐकलं, वा म्हणाले, आणि कारण त्यांनीच घातलं. हरिबाला ते पान वाचताना दर वेळी तेवढंच खुपायचं, आईला कुणीतरी परक्याचं लुगडं नेसवल्यासारखं. कारण त्यानं तिला विचारलं होतं. दहा वर्षांचा होता, घोडीमागनं चालत होता, पायाला चिखल, आणि तिनं मागं न बघता उत्तर दिलं होतं. ते साठ वर्षं कुणी मागितलं नव्हतं, म्हणून तसंच कोरं करकरीत राहिलं होतं.

"सातत्य बितत्य सरांचं," तो डोळे न उघडता म्हणाला. "बाईचं आपलं सादं असतंय. दिस मावळताना रानात उतरायचं. मेंढरं बसवायची, पोरं भुकेली. आन् रान कसलं, मैलभर हिंडा, नुसती ढेकळं. बांधाला एखाददुसरा धोंडा घावतो, तिसरा काय केल्या घावत न्हाई. दोन धोंड्यांवर तवा ऱ्हातोय व्हय? ढेकूळ लावावं तर पाणी सांडलं की इरघळतं. म्हणून एक आपल्यासंगती ठिवायचा, वळखीचा. चिखल लागलेला असला तर पदरानं पुसायची ती. म्हणायची, माणूस एक येळ घावंल ह्या रानात, पर धोंडा घावायचा न्हाई."

सुपातला आवाज थांबला होता, ते त्याला उशिरा कळलं. पेनाचाही थांबला होता. त्यानं डोळे उघडले. सारजाबाई त्याच्याकडं बघत होती. या माणसाशी लग्न होऊन आल्यावर दोन हिवाळे तिनंही त्या चुलीवर भाकरी भाजली होती, आणि तिनं मान खाली घालून तुरीत बोटं घातली. अपेक्षानं पुस्तक मिटलं होतं, बोट एकशे बाराव्या पानात तसंच होतं. ती बोलली तेव्हा विद्यापीठाची मराठी कुठल्या कुठं गेली होती.

"आबा, हिमालयात धोंडा घावत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "ही ढेकळं आमच्या मांडवगणच्या काळ्या रानातली हायती. सोनम न् बिनम कोण न्हाई. सरांचं काय लिहायचं ते मी बघते मागनं. आधी ह्या बाईचं नाव सांगा."